शक्षुका, म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेली अंडी, घरी केला की रस्सा पाणचट होतो आणि बलक दगडासारखा. काय चुकतंय?

घाई होतेय. माझीही झाली होती. पहिल्यांदा टोमॅटो जेमतेम मऊ झाले आणि मी अंडी फोडून घातली. पांढरं पाण्यात पसरून तंतू तंतू झालं. सासूबाई वाटीभर खाऊन म्हणाल्या, "अंड्याची आमटी बरी झालीय."

अंडी शेवटच्या पाच मिनिटांची, बाकी सगळं काम रश्श्याचं. रश्श्याला तेल सुटेपर्यंत अंड्यांना हात लावायचा नाही. दोघांना अर्धा किलो टोमॅटो, चार अंडी आणि तीन मोठे चमचे तेल. तेलात कंजूषी केली तर सुटणार काय? कांदा आणि ढोबळी मिरची मऊ झाली की लसूण, जिरेपूड, तिखट, मग टोमॅटो आणि लगेच मीठ. झाकण नको, पाणी आटायला हवं. मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं जातातच. डावाने मधोमध रेघ ओढा. ती लगेच भरून आली तर अजून थांबा.

नारायणगावकडचे टणक टोमॅटो प्रवासाला चांगले, पण साल जाड. मी निम्मे किसून घेते, साल हातात उरते.

शक्षुका मूळचा ट्युनिशिया आणि आसपासच्या उत्तर आफ्रिकेचा. तिथून १९५० च्या दशकात स्थलांतर केलेल्या ज्यूंबरोबर तो इस्राएलमध्ये रुजला. ट्युनिशियात तिखटपणा हरिसाचा: सुक्या लाल मिरच्या, लसूण, धणे, कॅरवे (जिऱ्यासारखं दिसणारं बी) आणि ऑलिव्ह तेलाचं वाटण. २०२२ मध्ये युनेस्कोने हरिसाला वारसा यादीत घेतलं. मी ब्याडगी भिजवून लसूण-धण्यांबरोबर वाटते, झणका हवा म्हणून दोन लवंगी मिरच्या. गरम मसाला मात्र घालू नका, सरळ अंडाकरी होते.

आता बलक. अंडी फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा. आच मंद करा, डावाने खळगे करा, एकेक अंडं वाटीत फोडून अलगद सोडा. पांढरं साधारण ६२ अंशांपासून धरू लागतं आणि बलक ६५ च्या पुढे, म्हणजे मध्ये फार वेळ मिळत नाही. म्हणून चमच्याच्या टोकाने फक्त पांढरं रश्श्यात थोडं हलवून घ्या, ते आधी शिजतं. मग झाकण. पाच मिनिटांनी बघा, पांढरं किंचित थरथरत असतानाच गॅस बंद. उरलेलं काम रश्श्याची धग करते.

फोटोंत लोखंडी तवा छान दिसतो, पण आंबट टोमॅटो त्यात वीस मिनिटं शिजला की लोखंडाची चव येते. मी स्टीलची पसरट कढई घेते.

मुंबईत पारशी शेजार असेल तर 'टमेटा पर ईडू' मागून खा. खाली टोमॅटो, वर अंडी, पद्धत जवळपास हीच.

बरोबर लादी पाव, थोडा भाजून. रस्सा मी रविवारी दुप्पट करते. सोमवारी गरम करून नुसती अंडी फोडायची.