आईचा बाप्तिस्मा राहून गेला, आता तिचं काय?

“ताई, माझं माहेर डिचोलीचं, हिंदू. लग्न होऊन बार्देशातल्या कॅथलिक घरात आले आणि मनापासून बाप्तिस्मा घेतला. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाली की ती पदराला हात पुसत यायची आणि उंबऱ्याशी बसायची. हळूहळू तिला ‘नमान मोरिये’ ही मरियेची प्रार्थना पाठ झाली. गेल्या पावसाळ्यात इस्पितळात ती म्हणाली, ‘तुमच्या पाद्रीला बोलव. मलाही ते पाणी घेऊ दे, येशूची होऊन जाऊ दे.’ मी म्हटलं, घरी गेलो की नीट करू. दोन दिवसांनी पहाटे ती गेली. भावाने डिचोलीला अग्नी दिला. आता सासूबाई म्हणतात, बाप्तिस्म्याशिवाय स्वर्ग नाही. नणंद हल्ली बिलिव्हर्स या वेगळ्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेला जाते. ती म्हणते, पाण्याने काही होत नाही, पण आईने येशूला रीतसर स्वीकारलंच नव्हतं. नवरा म्हणतो, आईने जन्मात कुणाचं वाईट केलं नाही, ती सरळ वर गेली. नंतर मला कळलं की मरणाच्या दारात कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. उशाशी पाण्याचा तांब्या होता, ताई. मीच तिला नरकात ढकललं का?”
– एक लेक, बार्देश

बाय माझे,

तांब्याचं आधी बोलते, कारण तुझं सगळं पत्र तिथेच अडकून बसलंय. तू ऐकलंस ते खरं आहे. जीव जायची वेळ असेल तर पाद्रीच हवा असं नाही. हेतू शुद्ध असेल तर कुणीही डोक्यावर पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकतं. देणाऱ्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नसला तरी तो ग्राह्य धरतात. तुझं समाधान व्हावं म्हणून हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण त्या रात्री तुला ते माहीत नव्हतं. आईचं मागणं तू उडवून लावलं नाहीस. ती बरी व्हावी, घरच्या माणसांत, पाद्रीच्या हातून ते नीट व्हावं, एवढंच तुझ्या मनात होतं. ज्याला चर्च गंभीर पाप म्हणते ते समजून-उमजून, स्वखुशीने केलेलं असावं लागतं. ‘नरकात ढकललं’ हे वाक्य तुला कुणीही सुनावलेलं नाही, ते तुझं तूच लिहिलंयस. ते खोडून टाक.

आता आईचं. तुझ्यासारखंच रडणाऱ्या दोघी बहिणी मला माहीत आहेत, सोळाशे वर्षांपूर्वीच्या. रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन ३९२ साली ऐन तारुण्यात गेला. त्याला बाप्तिस्मा हवा होता. त्यासाठी त्याने मिलानचे बिशप संत अँब्रोज यांना बोलावणं धाडलं होतं. बिशप निघाले, पण ते वाटेत असतानाच सम्राटाचा मृत्यू झाला. अंत्यविधीच्या प्रवचनात अँब्रोज यांनी त्याच्या बहिणींचं हेच दुःख बोलून दाखवलं, की भावाला बाप्तिस्मा मिळाला नाही म्हणून तुम्ही शोक करताय. मग त्यांनी विचारलं, इच्छा करणं आणि मागणं यापलीकडे आपल्या हातात असतं तरी काय? त्याने मागितलं होतं, आणि मागितलं म्हणून त्याला मिळालं. रक्त सांडलेले हुतात्मे पाण्यावाचून शुद्ध होतात, तसं याला याच्या भक्तीने आणि इच्छेने शुद्ध केलं. त्या सम्राटाने निरोप्याकरवी मागितलं, तुझ्या आईने तुझा हात धरून मागितलं. मला तरी दोघांत फरक दिसत नाही.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्यांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला सांगतो की पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मल्याशिवाय कुणी देवाच्या राज्यात जाऊ शकत नाही. गोव्यात तर हे पिढ्यान्‌पिढ्या घट्ट बसलेलं आहे. सायब म्हणून आपण ज्यांच्यापुढे हात जोडतो, ते फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये इथे उतरले ते हीच तळमळ घेऊन. १५५२ च्या एका पत्रात त्यांनी जपानमधल्या नव्या ख्रिस्ती लोकांबद्दल लिहिलं आहे. आपले पूर्वज आता सुटू शकत नाहीत हे ऐकून ती माणसं रडायची, आणि ते पाहून झेवियर यांनाही वाईट वाटायचं. सायबाच्या पवित्रपणाला हात न लावता मी म्हणते, त्या रडणाऱ्यांना आणखी काही सांगायला हवं होतं, आणि पुढे चर्चने ते सांगितलं.

कॅथलिक चर्चच्या सगळ्यात कडक मानल्या जाणाऱ्या ट्रेंटच्या परिषदेनेही १५४७ च्या ठरावात एक जागा मोकळी ठेवली होती. नवजन्माच्या पाण्याने, किंवा त्या पाण्याच्या इच्छेने, असं तिथे लिहिलंय. सासूबाईंना प्रेमाने हे सांग. नव्या काळाने काढलेली ही पळवाट नाही. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आणखी पुढे जाऊन म्हटलं की ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान पोहोचलं नाही आणि त्यात त्यांचा दोष नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर स्पष्टच आहे: देवाने तारण बाप्तिस्म्याला बांधलंय, पण तो स्वतः आपल्या संस्कारांना बांधलेला नाही. ही दोन्ही अर्धी वाक्यं खरी आहेत. आपल्याला तारणाची जी वाट दाखवून दिली आहे ती बाप्तिस्म्याची, म्हणून आपण ती टाळायची नाही. उद्या तुझ्या घरात कुणी मागितला तर दिवस ढकलू नकोस. पण जिथे आपला हात पोहोचला नाही तिथे देवाचाही पोहोचला नसेल, असं म्हणायचा अधिकार कुणाला नाही.

नणंदेच्या म्हणण्यातही खरं आहे. येशूच्या शेजारी क्रुसावर असलेल्या चोराला कुणी पाणी लावलं नव्हतं, तरी येशू त्याला म्हणाला की आज तू माझ्याबरोबर असशील. प्रेषितांच्या कृत्यांत कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला आणि बाप्तिस्मा नंतर झाला. नंतर झाला, पण झाला. ‘आत्मा मिळालाय, आता पाणी कशाला’ असं तिथे असलेला प्रेषित पेत्र म्हणाला नाही. बाप्तिस्मा म्हणजे आधीच झालेल्या विश्वासाची उघड साक्ष, असं तिच्या मंडळीसारख्या अनेक मंडळ्या मानतात. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि लुथरन त्यात देव स्वतः काही करतो असं मानतात. मी दुसऱ्या बाजूची आहे, हे लपवत नाही. पण ‘रीतसर स्वीकारलं नाही’ हे मात्र मला पटत नाही. तोंडाने कबूल करणं आणि अंतःकरणाने विश्वास ठेवणं, ही पौलाची रोमकरांना लिहिलेल्या पत्रातली अट तिच्या मंडळीत नक्की शिकवत असणार. ‘येशूची होऊन जाऊ दे’ हे आईने तोंडानेच म्हटलं ना? तेवढ्यासाठी हात वर करून म्हटलेली ठरावीक प्रार्थना लागते, असं बायबलात कुठेही नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना हा पेच नवा नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी घर दुरावण्याचं दुःख सोसलं. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभा केला तेव्हा त्यात ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या शिष्यांना एकत्र बसवलं. बाप्तिस्म्याची किंमत चुकवलेला माणूस तो. बाप्तिस्मा त्याला हलका वाटत होता, असं म्हणता येणार नाही.

नवऱ्याचं म्हणणं सगळ्यात गोड, आणि मला सगळ्यात कमी आधाराचं वाटतं. आई चांगली होती, मान्य. पण चांगुलपणाच्या जोरावर माणूस स्वतःला तारू शकतो हे चर्चने कधीच मानलं नाही. ४१८ च्या कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची ही शिकवण नाकारली. कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण झालंय, कर्मांनी नाही, कुणी बढाई मारू नये, असं पौल इफिसकरांना लिहितो; आणि लगेच पुढच्या ओळीत, आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवलंय म्हणतो. याकोब म्हणतो, कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. यावरून युरोपात चर्च फुटलं. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लुथरन पुढाऱ्यांनी एका निवेदनावर सह्या केल्या. देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नव्हे, निव्वळ कृपेने, आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांसाठी बळ देते, हे दोघांनी एकत्र मान्य केलं. म्हणून आईच्या चांगुलपणाकडे मी तिने भरलेली किंमत म्हणून पाहत नाही. तिच्यात कृपा आधीपासून काम करत होती, त्याची ती खूण होती.

आणि इथेच मला तुझी काळजी वाटते. पत्राच्या शेवटी, इथे न छापलेल्या भागात, तू लिहिलंयस की आई गेल्यापासून दर शुक्रवारी तू कडक उपास करतेस, वृद्धाश्रमाला दर महिन्याला पैसे देतेस, आणि आता आईची सोन्याची पाटली विकून कपेलाच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराच्या, छपराला द्यायचं म्हणतेस, ‘म्हणजे तिच्या नावावर काही जमा होईल’. बाय, हे तू कर्जाचे हप्ते फेडल्यासारखं करतेयस, आणि कर्ज मागणारा कुणी समोर नाही. मृतांसाठी प्रार्थना करणं, दानधर्म करणं ही आपली जुनी रीत आहे, ती सोडू नकोस. पण त्यात सौदा आला की तुझा जीव कधीच थंड होणार नाही, कारण किती दिलं म्हणजे पुरे हे कुणीच सांगणार नाही. पाटली विकू नकोस. वृद्धाश्रमात पैसे पाठवण्याऐवजी एखाद्या दुपारी स्वतः जा, कुणा आजीचे केस विंचर. छपराला पुढे कधी द्यावंसं वाटलं, आणि त्या बदल्यात काही नको असलं, तर दे.

अग्नी दिला याची भीती नको. १९६३ पासून कॅथलिकांनाही दहनाची मोकळीक आहे. वर्षश्राद्धाला भाऊ बोलावेल तेव्हा जा. तिथल्या विधीत तू काय करायचं आणि काय नाही ते तुझं तू ठरव, पण त्याच्या शेजारी बस. आई त्याचीही होती.

या आठवड्यात तुमच्या विगाराला, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रीला, भेट. सासूबाईंना बरोबर ने, म्हणजे उत्तर दोघी एकदमच ऐकाल. आईने काय मागितलं ते त्यांना शब्दाशब्दाने सांग, तांब्याचंही सांग, आणि मन मोकळं करायला कुमसार, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली, करावासा वाटला तर तोही कर. मग तिच्यासाठी मीस, म्हणजे चर्चमधली मिस्सा, लाव. बाप्तिस्मा न झालेल्या मृतासाठीही पाद्री मीस अर्पण करू शकतो, चर्चच्या कायद्याने त्याला आडकाठी नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, तिचं नाव बिनदिक्कत घे. नणंदेलाही बोलाव. आली तर बरं, नाही आली तर वाद घालू नकोस.

तुझी,
ताई