उन्हाळ्यात काय करता, असं विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न साधा होता. नवऱ्याला म्युनिकमध्ये नोकरी मिळते आहे, ऑगस्टमध्ये दोघं निघाल, आणि तुला जाणून घ्यायचं होतं की इथे उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको नेमकं काय करतो, आई-बाबांना बोलावता येतं का, युरोप फिरून होतो का, एकटं वाटतं का. दोन ओळींत उत्तर देऊन झोपणार होते, ते काही झालं नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील म्हणून सरळ अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

ब्लू कार्ड (इथे राहून नोकरी करायचा परवाना), पगाराची अट, बायकोला काम करायची परवानगी हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, इंग्रजीतही आहे. ते मी सांगत बसत नाही.

ऑगस्टमध्ये येताय म्हणजे उन्हाळ्याच्या शेपटीला पोचाल. खरा उन्हाळा जूनचा. रात्री सव्वानऊला सूर्य मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर हातात अख्खी संध्याकाळ उरते. पुण्यात लग्नानंतर आम्ही दोघं संध्याकाळी सातला एकत्र मोकळे आहोत असं कधी झालंच नाही. इथे होतं. डबा भरायचा, सायकली काढायच्या आणि इझार नदीवर जायचं. फ्लाउखर नावाचा भाग आहे, तिथे दगडगोट्यांचा रुंद काठ आहे, ठरवून दिलेल्या जागेत शेगडी पेटवायला परवानगी आहे. पाणी आल्प्समधून येतं. जुलैतसुद्धा पाय घातले की दोन मिनिटांत बोटं बधिर होतात.

नाहीतर बिअर गार्डन. घाबरू नकोस, आम्ही दोघंही फारसे पिणारे नाही. तिथली पद्धत मला आवडते: मेजपोश नसलेल्या लाकडी टेबलांशी स्वतःचं जेवण घेऊन बसता येतं, फक्त प्यायचं त्यांच्याकडून घ्यायचं. वर चेस्टनटची मोठी झाडं असतात. बिअरची तळघरं थंड राहावीत म्हणून पूर्वी ती लावली, सावली आता आपल्याला. आम्ही थालीपीठं, दही आणि लसणीची चटणी नेतो. एकदा शेजारच्या आजोबांनी स्वतःच्या ताटातला मुळा पुढे केला आणि बदल्यात चटणी मागितली. "तिखट आहे," असं नवरा सांगेपर्यंत त्यांनी ती चमच्याने खाल्लीसुद्धा. मग अर्धा लिटर एका दमात. पुढे तासभर गप्पा मारत बसले, डोळे पुसत.

घर बघताना मात्र एक ऐक. वरच्या मजल्यावरचं, उतरत्या छपराखालचं घर फोटोत फार गोड दिसतं. आमचं तसलंच आहे. एसी नाही, कुणाकडेच नसतो. पारा पस्तिशीला गेला की सकाळी आठलाच खिडक्या लावून बाहेरचे शटर खाली ओढायचे, दिवसभर अंधारात बसायचं आणि रात्री सगळं सताड उघडायचं. टेबलफॅन मे महिन्यातच घेऊन ठेव, जुलैत दुकानात मिळत नाही.

फिरायला डॉइचलँड-टिकीट काढा. 2023 मध्ये ते महिना 49 युरोला सुरू झालं, आता 63 झालंय, तरी परवडतं. जलद गाड्या सोडल्या तर देशभरातल्या लोकल, बस, ट्राम सगळं त्यात येतं. आमचे रविवार त्यावरच निघतात, कारण रविवारी दुकानं बंद असतात आणि घरात ड्रिल मारलं तरी खालचे लोक वर येतात. श्टार्नबर्गचं तळं, हेर्शिंग, टेगर्नझे, सगळी तळ्याकाठची ठिकाणं तासाभराच्या अंतरावर. गवतात बसायच्या आधी गोचिडांची लस घ्या, हे मात्र गंमत म्हणून सांगत नाही. बायर्नमधल्या (म्हणजे बव्हेरिया, म्युनिकचं राज्य) गोचिडांतून मेंदूज्वर होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, मानेवर नीट तपासायचं.

आता पाहुणे. इथे राहणाऱ्या माणसाचा उन्हाळा त्याचा स्वतःचा नसतो, हे तुला कुणी सांगणार नाही. मे ते सप्टेंबर आमच्या हॉलमधला सोफा बंदच होत नाही, कायम बेड झालेला असतो. मामेभाऊ, त्याचे मित्र, नवऱ्याच्या कॉलेजमधला कुणीतरी आणि त्याची बायको. प्रत्येकाला नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बघायचा असतो. 1869 मध्ये दुसऱ्या लुडविग राजाने तो बांधायला घेतला, 1886 मध्ये राजा श्टार्नबर्गच्या तळ्यात मेलेला सापडला, आणि त्याच वर्षी लोकांना तिकीट लावून किल्ला उघडला. ही गोष्ट मी झोपेतही सांगू शकते. आता तर 2025 मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला, म्हणजे गर्दीला तोटा नाही. तिकीट आधी ऑनलाइन काढायचं, चढ बराच आहे, आत जिने आहेत, फोटो काढू देत नाहीत. हल्ली मी पाहुण्यांना किल्ल्याजवळच्या फ्युसन गावाच्या गाडीत बसवून देते आणि घरी परत येते. कुणी ऑस्ट्रियात सॉल्झबर्गला निघालं तर पासपोर्ट बरोबर द्यायचा. तिकडून परतताना सीमेवर पोलीस गाडीत चढतात, आणि मोबाईलमधला फोटो चालत नाही.

आई-वडिलांची गोष्ट वेगळी. त्यांना बोलावता येतं: शेंगेन व्हिसा, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90, किमान 30,000 युरोचा विमा. पण त्यांचा खर्च तुम्ही उचलणार असाल तर तसं जामीनपत्र इथल्या कार्यालयातून करून घ्यावं लागतं. 'फेरफ्लिश्टुंग्स-एर्क्लेरुंग' हे त्याचं नाव, फी 29 युरो, आणि वेळ मिळणं नशिबावर. आमच्या भागात ऑनलाइन वेळा सकाळी उघडायच्या आणि मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत संपायच्या. शेवटी मिळाली ती सासू-सासऱ्यांच्या विमानाच्या तारखेनंतरची. मग रोज पहाटे उठून कुणी रद्द केली का बघायचं. गेल्यावर बाईंनी पगाराच्या पावत्या बघितल्या, घराचा करार बघितला, घर किती चौरस मीटर ते विचारलं, आणि मग शांतपणे म्हणाल्या, मूळ करार आणा, ही प्रत आहे. मूळ करार घरी, घर पाऊण तासावर. माझ्या सख्ख्या सासऱ्यांनी माझ्या घरी यायचं, आणि आमच्या हॉलची लांबी-रुंदी तिसऱ्या माणसाने तपासायची. मला अजून पचत नाही.

आणि तूप. त्यांना आधीच सांग. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचा पदार्थ आणता येत नाही: तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही. आंब्यालासुद्धा रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. बाकरवडी, चटण्या, भाजणी बिनघोर आणा. सासूबाईंनी घरी कढवलेल्या तुपाचा डबा तीन पिशव्यांत गुंडाळून साडीत ठेवला होता. कस्टमच्या तरुण पोराने तो काढला, झाकण उघडून वास घेतला, सॉरी म्हणाला आणि पिंपात टाकला. सासूबाई रागावल्या नाहीत. त्याला मराठीत एवढंच म्हणाल्या, "टाकू नको रे, तू तरी खा."

सासरे एसटीत होते, सांगली डेपोत कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांना तळी, चर्च, डोंगर दाखवले. इंग्लिश गार्डनमध्येही नेलं. तिथे काही हिरवळींवर लोक कपड्यांशिवाय ऊन खात पडलेले असतात, तेव्हा कुठल्या वाटेने न्यायचं हे आधी ठरव, आम्हाला ऐन वेळी वळसा घ्यावा लागला. या सगळ्यात त्यांचं मन लागलं नाही. मग त्यांना ट्रामचा स्टॉप सापडला. रोज दहा वाजता टोपी घालून तिथल्या बाकावर जाऊन बसायचे. पाटीवरची वेळ, प्रत्यक्ष आलेली वेळ, फरक, सगळं छोट्या वहीत लिहायचे. संध्याकाळी नवरा आला की हजेरी: "आज सतरा नंबर दोनदा चुकली. एकामागून एक दोन आल्या. आमच्याकडे असं झालं असतं तर मेमो." लोकल रद्द झाली त्या दिवशी तर चेहरा इतका खुलला की सासूबाईंनी विचारलं, काय झालं. ती वही ते परत घेऊन गेले, आणि डेपोतल्या मित्रांना दाखवली म्हणे.

फिरणं होतं का? होतं, मूल शाळेत जाईपर्यंत फार होतं. नंतर कॅलेंडर शाळेचं. बायर्नची मोठी सुट्टी साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला लागते, सप्टेंबरच्या मध्यावर संपते, त्यामुळे भारतात जायचं ते भर पावसात, सगळ्यात महाग तिकिटावर. आंबा संपलेला. जून आसपास दोन आठवड्यांची एक सुट्टी असते, तेव्हा धावत जाऊन शेवटची पेटी गाठता येते, पण ऑफिसात रजा जानेवारीतच लिहून द्यायची असते. आणि दोन दिवस आधी शाळा बुडवून निघू म्हणशील तर इथे त्याला दंड आहे. काही विमानतळांवर सुट्टीच्या तोंडावर पोलीस मुलांची चौकशीही करतात.

शाळेचं निघालंच आहे तर लिहून टाकते. नवरा म्हणेल, पुन्हा तेच.

इथे चौथीत मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तीन विषयांची सरासरी. 1 म्हणजे उत्तम, 6 म्हणजे नापास. 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे विद्यापीठाची सरळ वाट. 2.66 पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. त्यापुढे मिटेलशूल, कामधंद्याकडे नेणारी. हा कागद मेच्या सुरुवातीला हातात येतो, नेमकं चेस्टनटला फुलं आलेली असतात तेव्हा. आमचा मुलगा पहिलीत असताना आम्ही आलो, एक अक्षर जर्मन येत नव्हतं. चौथीत त्याला गणितात 2, जर्मनमध्ये 3, परिसर अभ्यासात 3. करून बघ सरासरी. एका विषयात एका पायरीने गिम्नाझिउम हुकलं. परिसर अभ्यासाचा पेपर मी अजून जपून ठेवलाय. झुडपात राहणाऱ्या प्राण्यांवर प्रश्न होता, उत्तर बरोबर, पण वहीतला शब्द नाही म्हणून अर्धा गुण. बाईंना भेटायला गेले तर त्या गोड हसून म्हणाल्या, त्याला झेपेल तिथेच तो आनंदी राहील. नऊ वर्षांच्या पोराला काय झेपेल हे त्यांना कळलं होतं.

तीन दिवसांची प्रवेशचाचणी देता येते. तो नको म्हणाला, आम्ही दिली नाही. तेव्हा सासू-सासरे आमच्याकडेच होते. सासऱ्यांनी कागद उलटसुलट बघितला आणि हळूच विचारलं, "म्हणजे नापास का?" मी नाही म्हणाले आणि पोळ्या लाटायला गेले.

तो आता आठवीत आहे, रेआलशूलमध्ये मजेत आहे, फुटबॉल खेळतो, बव्हेरियन बोली आमच्यासमोर मुद्दाम बोलतो. दहावीनंतर पुढे जायच्या वाटा आहेत, सगळे तेच सांगतात, आणि खरं आहे ते. नवरा केव्हाच विसरला. मी दर मेमध्ये तो पेपर काढते.

एकटेपणाचं विचारलंस. येतो. गणपतीत मंडळात शंभर माणसं भेटतात, आमटी-भात होतो, परत येतो. पुढे.

खरं सांगायचं ते हे आहे. या देशात राहायचं की नाही हे जूनमध्ये ठरवू नकोस. माझा नवरा नागरिकत्वाचा विषय नेहमी उन्हाळ्यातच काढतो. तळ्याकाठी पाय सोडून बसलेलो असतो, समोर डोंगर, हातात स्ट्रॉबेऱ्या, आणि हा म्हणतो, भरूया का अर्ज? पाच वर्षांची अट केव्हाच पूर्ण झालीये. 2024 पासून जर्मनीला दोन नागरिकत्वं चालतात, भारताला चालत नाहीत, म्हणजे निळा पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यायचं. व्हिसाची कटकट आयुष्यभराची संपते. मतदान नाही, शेती विकत घेता येत नाही, बाकी काय बदलतं? नाशिकजवळ माझ्या वडिलांची द्राक्षबाग आहे. "तुला कुठे शेती घ्यायचीय," असं हा म्हणतो. नाहीच घ्यायची मला. तरी.

त्याचा अर्ज भरून झालाय, माझा अर्धा. मी त्याला सांगते, नोव्हेंबरात विचार, चार वाजता दिवे लावावे लागतात तेव्हा. नोव्हेंबरात तो विचारत नाही. त्यालाही माहीत असावं.

तू मुलाबाळांचं काही लिहिलं नाहीस. लहान मूल असेल तर घर, बँक, फर्निचर सगळं नंतर, आधी किंडरगार्टनमध्ये नाव घाला. ज्या भागात जागा मिळेल तिथेच घर बघा. शाळेआधी दोन वर्षं त्या मुलांत खेळायला मिळाली की भाषा आपोआप येते, आमच्याकडे तेवढा वेळच नव्हता. वय कळव, मग पुढचं सांगते.