वेग घेताच बोट डावीकडे का कलते?

प्रश्न : दाभोळच्या खाडीत आम्ही केबिन असलेली छोटी मोटरबोट वापरतो. वेग घेतला की ती डावीकडे कलते. उजवीकडे वाळूची पोती ठेवावीत का?

उत्तर : पोत्यांची घाई करू नये. आधी माणसे उतरवून, दोर सैल सोडून, बोट शांत पाण्यात कशी उभी राहते ते पाहावे. तेव्हाही ती डावीकडेच झुकत असेल, तर दोष वजनाच्या मांडणीत आहे : 100 लिटर डिझेलचे वजन सुमारे 84 किलो भरते, आणि टाकी, बॅटरी व नांगराची साखळी एकाच अंगाला असली की एवढा कल सहज येतो. तळच्या फळ्या उचलून साचलेले पाणीही उपसावे, कारण ते खालच्या बाजूला धावून कल वाढवते.

उभी असताना बोट सरळ राहत असेल, तर त्याच वेगाने उलट दिशेने परत यावे. कल उजवीकडे गेला तर कारण वारा आहे. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात नाळ (बोटीचे पुढचे टोक) भरकटू नये म्हणून आपण सुकाणू वाऱ्याकडे धरतो आणि खोल ‘व्ही’ तळाची बोट चक्क वाऱ्याच्याच बाजूला झुकते. कल डावीकडेच राहिला, तर मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या, बोट ढकलणाऱ्या पंख्याची (प्रोपेलरची) ती प्रतिक्रिया असू शकते. दोन्ही प्रसंगी मागच्या ट्रिम टॅबांपैकी (बोटीच्या मागच्या कडेला दोन्ही बाजूंना बसवलेल्या, खालीवर होणाऱ्या पट्ट्यांपैकी) कललेल्या बाजूचा टॅब थोडाथोडा खाली करावा. पोती मात्र नकोतच. लाटेत ती सरकतात.