अर्जातला निबंध मुलीलाच लिहू द्या

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून ७४ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली. नीटमध्ये तिला १७६ गुण आहेत. सोलापुरातील एका कुटुंबाने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ स्थानिक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली आहे. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी दरवर्षी १५,००० रुपये मिळतात. नियमपत्रक, भरलेल्या अर्जाची झेरॉक्स आणि निबंधाचे दोन मसुदे सोबत जोडले आहेत. एक मुलीचा आहे, तो अगदीच साधा आहे. दुसरा मी लिहिला आहे. कोणता अधिक प्रभावी वाटतो? तसेच ही रक्कम एक वर्ष थांबून नीटची पुन्हा तयारी करण्यासाठी वापरता येईल का?
– एक पालक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले गुण मी एकदाच वाचले, अर्जाची झेरॉक्स मात्र पुन्हा पुन्हा पाहिली. ‘प्रवेश घेऊ इच्छित असलेला अभ्यासक्रम’ या रकान्यात आधी बारीक, गोल अक्षरात ‘बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र’ असे लिहिलेले आहे. त्यावर दोन आडव्या रेघा मारल्या आहेत आणि वरच्या मोकळ्या जागेत ठसठशीत अक्षरात ‘एम.बी.बी.एस.’ आले आहे. ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यातही तेच ठसठशीत अक्षर आहे आणि तिथे ‘गृहिणी’ असे लिहिले आहे. मुलीच्या मसुद्याचे पहिलेच वाक्य मात्र ‘माझी आई विड्या वळते’ असे आहे. तुम्ही निबंधाविषयी विचारले आहे, पण मला काळजी वाटते ती या दोन रकान्यांची.

तुमच्या हेतूविषयी मला शंका नाही. आपल्या हयातीत जे जमले नाही ते मुलीला मिळावे, असे वाटणाऱ्या बापाची कळकळ पत्राच्या ओळीओळीत दिसते. परंतु स्पष्ट सांगतो, अठरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेला विषय खोडून त्या जागी दुसरा लिहिणे ही मदत नव्हे. त्या दोन रेघांतून तिला एवढेच कळले असेल की, तिची निवड विचारात घेण्याजोगी नाही. हा अर्ज तिच्या नावाने जाणार आहे, खाली सही तिची असणार आहे आणि मुलाखतीला बोलावले तर समितीसमोर एकटीने तीच बसणार आहे. ‘लहानपणापासून डॉक्टर होण्याचे माझे स्वप्न आहे’ हे तुमचे वाक्य तिथे तिला स्वतःचे म्हणून सांगावे लागेल, आणि ते खरे नाही हे तुम्हा दोघांनाही ठाऊक असेल.

आईविषयीच्या रकान्याचे मला अधिक वाईट वाटले. सोलापुरात हजारो स्त्रिया कारखान्याच्या शाखेतून तेंदूपत्ता आणि तंबाखू आणतात, घरी बसून पाने कातरतात, विड्या वळतात, पुन्हा शाखेत नेऊन मोजून देतात आणि हजारामागे ठरलेली मजुरी घेतात. या मजुरीवर शहरातल्या कितीतरी घरांतली मुले शिकली. तुमच्याही घरातल्या शाळेच्या फीत, नीटच्या पुस्तकांत हा पैसा असणारच. तो लपवावासा का वाटावा? मुलीला त्याची लाज वाटत नाही, हे तिच्या पहिल्याच वाक्यात दिसते. ‘गृहिणी’ लिहिल्याने अर्जात खोटी माहिती जाते ती वेगळीच. शिवाय विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची जी शैक्षणिक साहाय्याची योजना आहे, तिच्याकडे तुमचे लक्षच गेले नाही. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरता येतो आणि त्यासाठी आईचे विडी कामगार असल्याचे ओळखपत्र लागते. इतर शिष्यवृत्ती घेणाऱ्यांविषयी त्या योजनेत अट आहे. ती नीट वाचा आणि दोन्हींपैकी कोणती लाभदायक ठरते, हे आईला सोबत बसवून ठरवा.

आता एका गैरसमजाविषयी. तुम्ही लिहिता की, ‘शिष्यवृत्ती देणाऱ्यांना डॉक्टर, इंजिनीअर होणारी मुलेच हवी असतात, साध्या बी.एस्सी.ला कोण विचारतो?’ तुम्हीच जोडलेल्या नियमपत्रकात ‘कोणत्याही शाखेची पदवी’ असे स्पष्ट लिहिले आहे. अशा स्मृती-शिष्यवृत्त्या कशा चालतात, तेही समजून घ्या. कुटुंब एक रक्कम संस्थेकडे किंवा विश्वस्त निधीकडे कायम ठेव म्हणून देते. मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज वाटले जाते. पाच लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला ३५,००० रुपये येतात, म्हणजे १५,००० रुपयांच्या दोनच शिष्यवृत्त्या निघतात. इतक्या थोड्या मुलांना द्यायचे असते तेव्हा देणाऱ्याला एकच धास्ती असते, की आपण निवडलेले मूल शिक्षण मध्येच सोडेल. म्हणूनच बहुतेक ठिकाणी पुढचा हप्ता आधीच्या वर्षाची गुणपत्रिका पाहून दिला जातो. त्यांना गरज खरी आहे का आणि हे मूल पदवी पुरी करील का, हे पाहायचे असते. पदवीचे नाव किती भारदस्त आहे, हे नव्हे. निधी नोंदणीकृत असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० त्याला लागू होतो आणि विश्वस्तांना पैसा ठरलेल्या हेतूसाठीच खर्चावा लागतो. नियमपत्रकात कॉलेज प्रवेशाची पावती मागितली आहे. घरी थांबून नीटचा क्लास लावणाऱ्या विद्यार्थिनीकडे ती पावती नसेल, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

निबंधांविषयी म्हणाल तर तुमचा मसुदा बाजूला ठेवा. त्यात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर अर्धे पान आहे. १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत चीनला गेलेला आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच रुग्णसेवा करता करता निवर्तलेला हा सोलापूरचा सुपुत्र आपल्या सर्वांच्या आदराचा विषय आहे. भैय्या चौकातले त्यांचे घर आज स्मारक आहे, तिथे मुलीला जरूर घेऊन जा. पण ही शिष्यवृत्ती त्यांच्या नावाची नाही. ती प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंच्या स्मरणार्थ आहे आणि तुमच्या निबंधात त्यांच्या वाट्याला ‘पावन स्मृतीस विनम्र अभिवादन’ एवढेच आले आहे.

तुमच्या मुलीने काय केले आहे पाहा. त्या बाई कोण होत्या, याची तिने गल्लीत चौकशी केली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मुलांना घरी बोलावून वाचायला शिकवीत, हे शोधून दोन ओळींत लिहिले. पुढे चार-पाच दिवसांआड येणारे नळाचे पाणी, ते भरून ठेवलेली पिंपे, आणि अकरावीच्या प्रात्यक्षिकात त्याच पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर पडलेले प्रश्न तिने मांडले आहेत. शुद्धलेखनाच्या काही चुका आहेत, शेवट थोडा घाईत उरकला आहे. चुका तिच्या तिला दुरुस्त करू द्या. हा निबंध साधा आहे हे खरे, आणि समितीला वाचावासा वाटेल तो हाच.

नीटविषयी एवढेच सांगतो की, १७६ गुणांवर शासकीय एम.बी.बी.एस.ची जागा मिळण्यासारखी नाही, आणि ज्या मुलीला पुन्हा परीक्षा द्यायची इच्छा नाही तिला वर्षभर घरी बसवू नये. तिला स्वतःला द्यायची असेल तर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षासोबतही ती देता येते.

सूक्ष्मजीवशास्त्राबाबत तुमची शंका अगदीच अनाठायी नाही. नुसत्या बी.एस्सी.वर सुरुवातीचा पगार बेताचा असतो, त्यामुळे एम.एस्सी.चा विचार आतापासून करावा. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा, दुग्धप्रक्रिया, औषधनिर्मिती, अन्नपदार्थांचे गुणवत्ता नियंत्रण या ठिकाणी या विषयाची माणसे लागतात. प्रवेशापूर्वी कॉलेजच्या कार्यालयात एक गोष्ट आवर्जून विचारा : हा विषय अनुदानित तुकडीत आहे की विनाअनुदानित? दोहोंच्या शुल्कात मोठा फरक असतो आणि १५,००० रुपये कितपत पुरतील, हे त्यावरच ठरेल. वेगळे कॉलेज पाहावे लागले तरी हरकत नाही. तुमच्या जातप्रवर्गाला आणि उत्पन्नाला लागू पडणाऱ्या राज्य शासनाच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर पाहा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून मुलीचे बँक खाते आधी तपासून घ्या.

अर्जाची मुदत संपायला अजून अवधी आहे, असे नियमपत्रकावरून दिसते. नवा कोरा अर्ज आणा, तो मुलीला एकटीने भरू द्या आणि आईच्या व्यवसायाचा रकाना आईला विचारून भरायला सांगा. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो, तेव्हा त्याचा अर्ज या आठवड्यातच सेतू केंद्रात देऊन टाका. ही धावपळ तुम्ही करायची आहे.