आमटीत हिंग दोनदा का पडतंय?

प्रश्न : आई ६९ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात गॅसवर दूध पार करपलं, मला जिन्यातच वास आला, आणि आई शेजारच्या खोलीत निवांत शेंगा सोलत बसलेली, वर म्हणते अगं कसला वास? हल्ली आमटीत हिंगपण दोनदा पडतंय. व्हॉट्सॲपवर आलं होतं की डाव्या नाकपुडीला पीनट बटरचा वास आला नाही तर अल्झायमर समजा. मी करून बघितलं, तिला दोन्हीकडून आला नाही. तेव्हापासून मला झोप नाही.

उत्तर : आधी ते पीनट बटर पोळीला लावून खाऊन टाका. ही टेस्ट २०१३ ची, फ्लोरिडा विद्यापीठातली, १४ ग्रॅम पीनट बटर आणि एक फूटपट्टी घेऊन वास किती सेंटीमीटरवरून येतो ते मोजलं, तर अल्झायमरच्या सुरुवातीच्या पेशंटना डावीकडे बरंच जवळ आणावं लागलं. पण पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोकांनी तेच तपासलं तर डाव्या-उजव्यात तसा फरक मिळालाच नाही, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही!

वासाचा संबंध मात्र खरा आहे. वासाचे सिग्नल मेंदूत जिथे जातात त्याला लागूनच आठवणींचा भाग आहे, आणि अल्झायमरमधल्या प्रथिनांच्या गाठी सुरुवातीला तिथेच होतात, म्हणून विसरायला लागायच्या आधीच वास कमी होऊ शकतो. पण तो साठीनंतर असाही कमी होतो, शिवाय सायनस, नाकातले पॉलिप, कोविड, पार्किन्सन्स, झालंच तर तपकीर (ओढत असतील तर खरं सांगायला लावा).

मला दुधापेक्षा तुमचं ते हिंग महत्त्वाचं वाटतं. वास आला नाही म्हणून त्या परत घालतात, की आधी घातलं हेच आठवत नाही? पुढच्या वेळी सहज विचारा, "हिंग झालं का गं घालून?" घातलं पण लागतच नाही म्हणाल्या तर आधी कान-नाक-घसावाल्यांकडे जा. घातल्याचंच आठवत नसेल आणि असं वरचेवर होत असेल, तेच तेच विचारणं, पैशांचा घोळ, तर न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घ्या, ते स्मरणशक्तीची टेस्ट करतील, बी-१२ आणि थायरॉइडही बघतील कारण त्यानेही विसरायला होतं.

तोवर घरात गॅस लीकचा अलार्म बसवा, सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो आणि तोच त्यांना येत नसणार. रात्री रेग्युलेटर बंद. आणि फ्रीजमधली कालची आमटी चांगली आहे की नाही ते तुम्हीच हुंगून बघत जा.