व्होल्टी, व्होल्टेज आणि एका 'ओ'ची हेराफेरी

प्रश्न असा आलाय की मोबाइलच्या वरच्या कोपऱ्यात दिसणारं ते 'व्होल्टी' म्हणजे काय, विजेच्या व्होल्टशी त्याचं काही नातं आहे का, आणि मराठीत ते लिहायचं कसं.

नातं काही नाही. व्हॉइस ओव्हर एलटीई, आणि एलटीई म्हणजे लाँग टर्म इव्होल्यूशन, फोरजीचं कागदावरचं नाव. 'व्होल्टी' लिहा, बोलताना सगळे तेच म्हणतात आणि इंग्रजीतही उच्चार तोच आहे. 'वोल्टे' लिहिणाऱ्यांनी तो शब्द फक्त पाहिलेला असतो, ऐकलेला नसतो.

व्होल्टेज म्हणणारे तरी बिचारे चुकून म्हणतात, मला खरा वैताग येतो तो "आमच्याकडे व्होल्टी आहे, नेट एकदम फास्ट" हे ऐकून. अहो, त्यातला व्ही व्हॉइसचा आहे! तुमचा कॉल फोरजीच्या डेटातूनच जातो, एवढाच त्याचा अर्थ. कॉल पटकन लागतो, आवाज जास्त स्वच्छ येतो, आणि बोलताना नेट फोरजीवरच राहतं. याच्यापलीकडे नेटच्या स्पीडचं श्रेय व्होल्टीला देऊ नका.

आता आवाजासाठी वेगळं नाव का लागलं? तर फोरजी जन्माला आलं तेच मुकं. आपल्याकडे एअरटेलने एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात फोरजी सुरू केलं, ऑक्टोबरमध्ये पुण्यात आलं, पण ते डोंगल आणि राउटरवर, कॉलबिल काही नाही. नंतर फोरजी फोन आले तरी कॉल आला की फोन गुपचूप थ्रीजीवर नाहीतर टूजीवर उतरायचा, फोरजी जाऊन तिथे एच किंवा ई यायचा, बोलणं संपलं की परत वर. जिओ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये, त्यांच्याकडे खाली उतरायला टूजी-थ्रीजीची पायरीच नव्हती, म्हणून प्रत्येक कॉल व्होल्टीवरच, आणि ज्यांच्या फोरजी फोनमध्ये व्होल्टी नव्हतं त्यांना वेगळं ॲप टाकून बोलावं लागायचं. हा शब्द गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानापर्यंत पोचला तो तेव्हा.

पण मुकं जन्माला येण्याचा मान काही फोरजीचा नाही, तो जातो ईव्ही-डीओ या जुन्या थ्रीजी तंत्राला, आणि माझा अत्यंत लाडका 'ओ' तिथेच आहे. टाटाचं फोटॉन प्लस, रिलायन्सचं नेटकनेक्ट ब्रॉडबँड प्लस, एमटीएसचं एमब्लेझ, लॅपटॉपला खोचायची ती डोंगलं आठवतात? 'अप टू ३.१ एमबीपीएस' वाली? ती सगळी ईव्ही-डीओ. कोरियात हे जानेवारी २००२ मध्येच सुरू झालेलं, तेव्हा वेग २.४ एमबीपीएसपर्यंत, आणि त्या काळात आपल्याकडे लोक डायलअपची किर्रकिर्र ऐकत बसलेले. ईव्ही म्हणजे इव्होल्यूशन, यावर वाद नाही. डीओ म्हणजे काय? आज कुठेही शोधा, 'डेटा ऑप्टिमाइझ्ड' सापडेल. साफ खोटं नाही, पण नंतरचं आहे. मूळ नाव 'डेटा ओन्ली'! फक्त डेटा. आवाज नाही.

आणि ते नाव प्रामाणिक होतं. आवाजाला थोडीशीच जागा लागते, सेकंदाला बाराएक किलोबिट, पण ती सतत लागते आणि उशीर अजिबात चालत नाही. डेटाचं उलटं, एकदम भसाभस येतो आणि मध्ये अर्धा सेकंद थांबला तरी कोणी मरत नाही. म्हणून हे तंत्र बनवणाऱ्या क्वालकॉम कंपनीवाल्यांनी १.२५ मेगाहर्ट्झची अख्खी पट्टी डेटाला देऊन टाकली, टॉवरने एका वेळी एकाच फोनकडे पूर्ण ताकदीने पाठवायचं, आणि शक्यतो त्या क्षणी ज्याचा सिग्नल चांगला त्याच्याकडे. आवाजाला शेजारची जुनी पट्टी. परिणाम असा की बहुतेक फोनवर एका वेळी एकच काहीतरी चालायचं. अमेरिकेत फेब्रुवारी २०११ मध्ये व्हेरायझन या फोन कंपनीचा आयफोन आला तोही असाच, बोलायला लागलं की नेट बंद, आणि तिच्या स्पर्धक एटी अँड टीचं थ्रीजी वेगळ्या जातीचं, त्यावर दोन्ही एकदम चालायचं, म्हणून त्यांनी त्याच्याच जाहिराती केल्या.

'ओन्ली'चा पुरावा मागणाऱ्यांसाठी: याला एक भावंड होतं, ईव्ही-डीव्ही, डेटा अँड व्हॉइस. ते कागदावरच वारलं, बाजारात आलंच नाही. पण एकाचं नाव 'डेटा आणि व्हॉइस' असेल तर दुसऱ्याचं 'फक्त डेटा' असणार की 'सुधारून घेतलेला डेटा'? जोडी लावून बघा ना. कोशवाले 'ऑप्टिमाइझ्ड' वर छापतात आणि 'ओन्ली' कोपऱ्यात ढकलतात, त्यांनी डीव्हीकडे पाहिलेलंच नसतं. 'ओन्ली' म्हटलं की गिऱ्हाईक विचारणार, बाकी काय नाही यात? म्हणून ओ ठेवला, शब्द बदलला.

माझं तर मत आहे की टेलिकॉमवाल्यांची ही खोडच आहे, अक्षरं शाबूत ठेवायची आणि पोटातला शब्द बदलायचा. जीएसएम घ्या, मूळ फ्रेंच, 'ग्रूप स्पेसियाल मोबील', एका समितीचं नाव, पुढे झालं ग्लोबल सिस्टिम फॉर मोबाइल कम्युनिकेशन्स. एज घ्या, इंग्रजीत ई-डी-जी-ई, तो ई यायचा ना फोनवर, तोच. त्यातला शेवटचा जीई आधी जीएसएम इव्होल्यूशनचा, मग ग्लोबल इव्होल्यूशनचा. जीचा ग्लोबल दोनदा! आपण शब्दाची व्युत्पत्ती शोधतो, इथे अक्षराला नवी व्युत्पत्ती दत्तक देतात.

दत्तकवरून आठवलं, डेटा हा लॅटिन 'दातुम'चा, म्हणजे 'दिलेलं', आणि आपलं 'दत्त' त्याच धातूकुळातलं. व्हॉइसच्या मागे लॅटिन 'व्होक्स', त्याची सख्खी चुलत बहीण आपली वाचा. म्हणजे ईव्ही-डीओत दत्त होता आणि वाचा बसलेली होती. डेटासाठी मराठीत 'विदा' चांगला शब्द आहे, पण 'विदा' म्हणा म्हणून हट्ट धरणाऱ्यांनी हे नातंही कधीतरी सांगावं, नुसती फोड करून दाखवू नये.

बाकी दुकानाच्या पाटीवर 'फोरजी व्होल्टेज फोन मिळतील' असं लिहिलेलं दिसलं तर निदान चार्जर तरी नीट तपासून घ्या.