डाळमिलच्या पत्र्यावर सोलर: आधी लाइट बिल वाचा

भाऊ, कोटेशन मागवण्याआधी बारा महिन्यांची बिलं समोर घ्या. डिमांड चार्ज (युनिटवर नाही, किलोवॅटच्या मागणीवर लागणारा आकार) सोलरनं जात नाही, वाचतो तो युनिटचा आकार. विकणारा मात्र खर्चाला अख्ख्या बिलानं भागून परतफेडीची वर्षं दाखवतो! लातूरकडे किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरा. ५० किलोवॅटला महिन्याचे ६,००० झाले. जागा, मधल्या वाटा धरून, ५,००० चौरस फूट, तीही बिनसावलीची.

आयकरात सोलरवर घसारा (किमतीतला जो भाग दरवर्षी उत्पन्नातून वजा होतो तो) ४० टक्के, पण पहिल्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच. म्हणून सप्टेंबरअखेर चालू करा.

दव पडलं की डाळीचा भुसा काचेवर लिंपल्यासारखा बसतो. पहाटे, पॅनेल थंड असतानाच धुवा. बोअरचं क्षाराचं पाणी नको, पांढरे डाग राहतात.